ठिपक्यांच्या पुस्तकाची ओवी

"बारा गं कोसावर, माझ्या माहेराचं पानी
आठव्या वळनाला, सहा उभ्या गवळनी..."

पेस्टिंगच्या हॉलमध्ये माझं पाऊल पडण्याआधी हा आवाज कानांवर पडला. वैनीचा आवाज. फार वर न चढणारा, जात्याच्या घरघरीखालून आपली वाट काढायला शिकलेला. इथं जातं नव्हतं. पत्र्याच्या छताखाली दोन रांगांत बेचाळीस बायका बसल्या होत्या. प्रत्येकीच्या उजव्या हातात ब्रश, डाव्या गुडघ्याशी सोल्युशनचा डबा, पुढ्यात बुटांचे तळवे. तळव्याला ब्रश फिरवायचा, वाळू द्यायचं, वरचा भाग दाबून चिकटवायचा, पुढं सरकवायचा. वैनी पहिली ओळ म्हणायची, दुसरी ओळ सगळ्या मिळून उचलायच्या.

"एकोनतीस पायऱ्या, बारव खोल गं बाई
सत्तावन्न घागरी, पाचवीला पानी न्हाई..."

मी दारातच थांबले आणि हसले. वैनीचं माहेर काही बारा कोसांवर नव्हतं. नदीवरचा पूल ओलांडला की डाव्या हाताचं तिसरं घर. पण ओवीतलं माहेर लांबच असायला हवं, नाहीतर ओवी कशाला म्हणायची, असं मला वाटलं. नाकात पेट्रोलसारखा गोडसर वास शिरला, जीभ चुरचुरली. हॉलला एकही पंखा नव्हता. होत्या त्या चार खिडक्या, वाऱ्यानं माल उडतो म्हणून बंद केलेल्या.

ह्याला सव्वीस वर्षं झाली. सोल्युशनमधल्या हेक्झेनवर आणि त्यानं जाणाऱ्या नजरेवर मी आज अधूनमधून परिषदांत बोलते. बोलून झालं की कुणीतरी हटकून विचारतं, "पहिल्या पाहणीतली चूक तुमच्या लक्षात कशी आली?" माझं एक ठरलेलं उत्तर आहे. ते खोटं नाही. अर्धं आहे.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. पुण्यात डोळे तपासायचा डिप्लोमा करून डॉक्टर केळुस्करांच्या हाताखाली लागले होते. बाहेरच्या देशांतले अभ्यास सांगत होते की हे द्रव्य वर्षानुवर्षं नाकावाटे आत गेलं की हातापायांच्या शिरा मारतं, आणि डोळ्यांतले रंग खातं. आपल्याकडं हे कुणी मोजलं नव्हतं. डॉक्टर कारखाना शोधत होते. "माझी वैनी असल्याच कारखान्यात आहे," हे मीच त्यांना सांगितलं. आमच्या गावापासून चालत वीस मिनिटांवर, एमआयडीसीच्या टोकाला. वैनी तिथं सहा वर्षं चिकटवायचं काम करत होती. दादा गुजरातच्या ट्रकवर. आई गेल्यावर मला न्हाऊमाखू घातलं ते वैनीनंच, त्यामुळं मी तिला अगंतुगं करायची. ती मात्र मला कधी नावानं हाक मारायची नाही. मी तिच्या नवऱ्याची बहीण, म्हणून मी 'वन्सं', आणि मी 'तुमी'.

कारखान्याच्या दवाखान्याची एक खोली आम्हाला दिली होती. भिंतीवर अक्षरांचा तक्ता कारखान्याचाच. टेबलावर ठिपक्यांचं पुस्तक. ह्या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचा एक गोल असतो, त्या ठिपक्यांत एक आकडा लपलेला असतो. रंग शाबूत असतील तर आकडा दिसतो, नसतील तर नुसते ठिपके. प्रत्येक बाईला आधी डॉक्टर समजावून सांगायचे, की तुमचं नाव गुप्त राहील, हे फक्त शास्त्रासाठी आहे. मग अंगठा किंवा सही.

वैनी सगळ्यांत आधी आली.

"बस वैनी."

"बसती की. वन्संनी हुकूम केल्यावर उभं ऱ्हायची काय बिशाद?"

"हसू नको. सर बघतायत."

"बघू द्या. त्यास्नी सांगा, नणंद पुण्याला शिकली, पर अजून चुलीवर भाकरी थापली की नकाशा हुतोय."

डॉक्टर हसले. मी लाल झाले. तिनं भिंतीवरचा तक्ता शेवटच्या बारक्या ओळीपर्यंत घडाघडा म्हटला. मग मी पुस्तक उघडलं.

"बारा," वैनी म्हणाली. पान उलटलं. "आठ." "सहा." "एकोनतीस." पान पुरतं टेकायच्या आत तिचं उत्तर यायचं. मी फॉर्मवर टिकमार्क करत गेले आणि मला अभिमान वाटला. आमची वैनी. सहा वर्षं त्या डब्याशेजारी, आणि बघा.

पहिल्या दिवशी वीस जणी झाल्या. वीसच्या वीस ठीक. डॉक्टर फॉर्मांची चळत पुन्हा पुन्हा चाळत होते.

"काहीतरी दिसायला हवं होतं, कुमुद. एखादी तरी."

दारात मॅनेजर खराडे येऊन उभे होते. पोट पुढं, हात मागं. "डॉक्टर, तुम्ही शहरातल्या बायका तपासल्या असतील. आमच्या ह्या रानातल्या. पालेभाजी, ताक. ह्यांना काय होतंय? मला फक्त एक कागद करून द्या, बोर्डावर लावतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंता आली. वैनीच्या शेजारी बसणारी, तोंडाची फटकळ. "लवकर करा बाई, माझा ढीग तुंबलाय," म्हणत स्टुलावर बसली. पुसट वाटलं तर आकडा बोटानं गिरवा, असं आम्ही सांगायचो. दोन दिवस त्या बोटांचं सोल्युशन पानांच्या कडांना लागलं होतं. तिसऱ्या पानावर ती "सहा" म्हणाली, मी पान उलटलं, आणि तिसरं-चौथं पान एकमेकांना चिकटून एकदमच उलटलं गेलं. तिच्यासमोर पाचवं पान आलं. त्यावर सत्तावन्न होतं, तांबूस ठिपक्यांत, मला अगदी ठसठशीत दिसत होतं.

"एकोनतीस," शेवंता म्हणाली.

मला वाटलं, सापडली. पहिली सापडली. मी पुढचं पान उलटलं. तिथं पाच होता.

"सत्तावन्न."

पुढच्या पानावर तीन होता.

"पाच."

ती बरोबर एक पान मागं चालली होती. बोलताना मांडीवर बोटानं ठेका धरत होती, अगदी हलका. आणि माझ्या कानात ती बारव उघडली. एकोनतीस पायऱ्या. सत्तावन्न घागरी, पाचवीला पानी न्हाई. तीन माझं भाऊ, पंधराव्या दिशी मुराळी. चौऱ्याहत्तर कोसांची वाट फुलली सकाळी. दोन दिवस मी फॉर्मवर ज्या खुणा केल्या होत्या त्या डोळ्यांच्या नव्हत्या. ती ओवी होती. वर्षातून एकदा कारखान्याचा डॉक्टर हेच पुस्तक घेऊन येत असणार, ह्याच क्रमानं पानं उलटत असणार. आणि तो अक्षरांचा तक्ता तर सहा वर्षं त्याच खिळ्याला टांगलेला.

"काय झालं बाई?" शेवंताचा ठेका थांबला. "चुकलं व्हय?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर आहे."

परिषदांत माझी गोष्ट इथं संपते. चिकटलेली पानं, एक पान मागं चालणारी बाई, लोक थक्क होतात, टाळ्याही वाजवतात. पुढं मी तडक जाऊन डॉक्टरांना सांगितलं असणार, असं ते आपोआप धरून चालतात. मी धरू देते.

मी नखानं पानं सोडवली आणि शेवंताच्या फॉर्मवर सगळीकडे बरोबरची खूण केली. संध्याकाळपर्यंत आणखी सहा जणींच्या केल्या.

साडेपाचला सुटी झाली. बायका घोळक्यानं पुढं गेल्या, मी वैनीला मुद्दाम मागं ठेवलं. कॅनॉलच्या कडेची पायवाट, ऊन कलतं, उसाला पाणी सुटलेलं. थोडं चालल्यावर बघितलं तर तिच्या डाव्या पायातली चप्पल मागं राहिली होती आणि ती तशीच अनवाणी ढेकळांवरून चालत होती.

"वैनी, चप्पल!"

"आं? निसटली व्हय." ती थांबली. मी आणून पायाशी ठेवली. "पाय झोपल्यात बगा. बसून बसून."

"वैनी, पाचव्या घागरीला पाणी का नाही गं?"

"ओवी हाय ती. ओवीला असं इचारायचं नस्तं."

"चौऱ्याहत्तरच्या पुढं काय येतं?"

कॅनॉलचं पाणी वाजत होतं.

"दोन," ती म्हणाली. "मग सहा. मग सत्त्यान्नव, मग पंचेचाळीस. सगळं म्हनून दावू?"

"कुणी रचली?"

"दुसरं कोन रचनार? शेवंता?" ती कोरडं हसली. "तिला सवताच्या लग्नात उखाना जमला न्हाई."

"वैनी, मी हसत नाहीये!"

"आमीबी हसत न्हाई वन्सं. तानूबाई आठवती का? वरल्या आळीची, दात पुढं असल्याली. तीन वर्सांमागं हे पुस्तक पयल्यांदा आलं. तानूला त्यात कायबी दिसना. बाईनं खरं सांगितलं. म्हनली, साहेब, नुसत्या शेंगोळ्या सांडल्यागत दिसत्यात. त्याच दिवशी तिला गेटाबाहेर काढली. 'नजर कमजोर,' असं लिवलं. नजर कशानं कमजोर झाली त्ये कुनी इचारलं न्हाई. आता ती दारात बसून असती, वाटंनं जानाऱ्याला कोन रं म्हनून हाक मारती."

"म्हणून तू..."

"म्हनून ज्यांना धड दिसत हुतं त्या पाचजनींनी आकडं ध्यानात धरलं आनि मला आनून दिलं. नुसतं आकडं ध्यानात ऱ्हात न्हाईत. ओवीत घातलं की ऱ्हात्यात."

माझं डोकं तडकलं. तिच्यावर मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते, तशी ओरडले.

"तुला कळतंय का तू काय केलंयस? अगं, हे आम्ही तुमच्यासाठीच मोजायला आलोय! हे कागदावर आलं असतं तर त्यांना तोंड लपवायला जागा उरली नसती. आणि तू गाणं रचून त्यांनाच पांघरूण घालतेस? सगळ्या जणींना आंधळ्या करायला निघालीस तू. ओवीनं!"

"आंधळ्या म्या केल्या?" ती गर्रकन वळली. "वन्सं, सोलूशनचा डबा म्या भरला व्हय? खिडक्या म्या लावल्या? भिंतीत बसवायचं पंखं मागून दोन वर्सं झाली. अर्जावर बेचाळीस अंगठं हायत. अर्ज कुठं हाय त्येबी कुनाला म्हाईत न्हाई. आनि आंधळ्या म्या करती?"

माझा राग तसाच होता, फक्त त्याला आता कुठं ठेवावं ते कळेना.

"तुला कितपत दिसतं?" मी विचारलं.

"रंग जरा हुकत्यात. हिरवं-तांबडं."

"फक्त रंग?"

"व्हय. फकस्त रंग."

"उद्या आठ जणी राहिल्यात. मी पानं उलटीसुलटी करून विचारणार. आणि झालेल्यांनासुद्धा परत बोलावणार."

"बोलवा. म्हंजे परवाच्याला समद्या तानूच्या शेजारी."

"असं काही होणार नाही. नावं गुप्त राहणार आहेत. सरांनी शब्द दिलाय, तुम्ही त्यावर अंगठे दिलेत."

वैनी म्हणाली, "तुमच्या सायबाला एकदा नीट इचारा. नाव खरंच गुप्त ऱ्हानार असंल, तर उद्या सकाळी म्या सवता पयली येऊन बसती आनि खरं सांगती. शेवंताला कान धरून आनती. मंग तर झालं?"

"झालं," मी म्हटलं. मला वाटलं, सुटलं. एवढंच तर होतं.

सकाळी डॉक्टर खोलीत एकटेच होते. फॉर्म लावून ठेवत होते. मी ओवीबद्दल काही बोलले नाही. फक्त विचारलं, "सर, समजा एखादी नापास झाली. तर तिचं नाव कारखान्याला कळेल?"

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. एक काच पुसली, दुसरी पुसली, पुन्हा पहिली.

"यादी द्यावी लागणार आहे," ते म्हणाले.

"नावांसकट?"

"नावांसकट. त्याच अटीवर त्यांनी आत सोडलंय."

"पण फॉर्मवर 'गुप्त' छापलंय, सर."

"फॉर्म आपल्या कॉलेजचा आहे, कुमुद. गेट त्यांचं आहे."

"बायकांना हे सांगितलंत?"

"त्यांनी विचारलं नाही."

इतक्या हळू आवाजात सांगितलेली इतकी वाईट गोष्ट मी तोवर ऐकली नव्हती. मला ते पुस्तक उचलून भिंतीवर फेकावंसं वाटलं. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. संध्याकाळी सहाला ते आईला फोन करायचे, चहा देणाऱ्याला बसायला खुर्ची द्यायचे. म्हणूनच मला त्यांची जास्त चीड आली.

"मी अटी घातल्या असत्या तर आपण आज पुण्यातच बसलो असतो," ते म्हणाले. "मग कुणाचंच काही कळलं नसतं. शंभर ठिकाणी विचारलं, एकानं दार उघडलं. तू लहान आहेस."

"हो सर," मी म्हटलं.

मी हॉलच्या दारात गेले. रांगेच्या टोकाला वैनी ब्रश घेऊन बसली होती, तोंड माझ्याकडं होतं. मी नुसती मान हलवली. नाही. ती तशीच माझ्याकडं तोंड करून बसून राहिली, मग उठून जवळ आली.

"काय म्हनलं?"

"मान हलवली की मी."

"त्वांडानं सांगा."

"यादी देणार आहेत. नावांसकट."

तिनं हाताला लागलेलं सोल्युशन बोटांनी चोळून काढलं. चामडीसारखा पातळ पापुद्रा निघाला. "मंग जावा," ती म्हणाली. "ऱ्हायलेल्या आठजनींचं करा. सरळ क्रमानं करा."

मी सरळ क्रमानं केलं. बारा, आठ, सहा, एकोणतीस. आठजणी आल्या, ठेक्यात बोलल्या, गेल्या. प्रत्येक टिकमार्क करताना पेन कागदातून आरपार जाईल इतकं दाबत होते. बेचाळीसपैकी बेचाळीस. डॉक्टरांनी शेवटचा फॉर्म ठेवला आणि ते माझ्याकडं बघत राहिले. त्यांना कळलं होतं की काहीतरी सडलंय. माझ्याकडून काढून घ्यावं असं त्यांना वाटत होतं, आणि विचारायची छाती होत नव्हती. मी पेनाला टोपण लावलं. एका टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही दोन शिकलेली माणसं बसलो होतो, आणि मधे ते पुस्तक.

चार वाजता खराड्यांनी काम थांबवलं आणि सगळ्यांना शेडसमोरच्या अंगणात बसवलं. खुर्च्या मांडल्या, माईक लावला. डॉक्टरांना शाल आणि नारळ. मला नारळ आणि ब्लाऊजपीस. बायकांनी टाळ्या वाजवल्या. वैनी पहिल्या ओळीत होती. मी खुर्चीवर न बसता खाली तिच्या शेजारी जाऊन बसले.

"तर बायांनो," खराडे म्हणाले, "मोठे डॉक्टर पुण्याहून आले. त्यांनी तीन दिवस तुमचे डोळे तपासले. बेचाळीसच्या बेचाळीस डोळे एक नंबर!"

"चौऱ्याऐंशी डोळं हुत्यात साहेब," मागून शेवंता म्हणाली. हशा पिकला. खराडेही हसले.

"चौऱ्याऐंशी! आता काही लोक उगाच गावभर सांगत होते की ह्या सोल्युशननं असं होतं, तसं होतं. आता हा कागद आला. शास्त्राचा कागद. मी तो गेटवर लावणार. मग त्या पंख्यांच्या अर्जाचं काय करायचं? गरजच नाही. तो विषय संपला." त्यांनी हवेत काहीतरी फाडून टाकल्यासारखं केलं. "आणि आता चांगली बातमी. पाडव्याला आपली दुसरी शेड सुरू होतेय. ऐंशी नवीन पोरी घ्यायच्यात. बाहेरच्या नको, तुमच्याच घरातल्या हव्यात. लेकी आणा, सुना आणा, नणंदा आणा. त्यांना सांगा, आमचे डोळे बघा, काय झालंय आम्हाला?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणी हसलं नाही. माझ्या हातात तो ब्लाऊजपीस होता, मी त्याची घडी चुरगळत होते. खुर्चीवर डॉक्टर शाल सावरत खाली बघत होते. मला माहीत होतं. ह्या अंगणात ज्याला लिहितावाचता येतं, ज्याचं कुणी काही वाकडं करू शकत नव्हतं, अशा माणसाला हे माहीत होतं. मी उठून उभी राहिले असते तर फार तर माझी नोकरी गेली असती. मी मनात वाक्य जुळवत होते. साहेब, एक मिनिट. डॉक्टर, एक मिनिट. वाक्य जुळेना.

शेजारी पातळाची सळसळ झाली. वैनी उठत होती.

मी तिचा पदर धरला आणि खाली ओढला. हे मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही. मी तिला ओढून खाली बसवायला बघितलं. "वैनी, बस," मी दातांत म्हटलं. "बस खाली. तुला काढतील."

तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली. रागानं नाही. लहानपणी माझ्या केसांतला गुंता सोडवायची तशी.

"काय गोजराबाई?" खराडे माईकमधून म्हणाले. "गाणं म्हणणार? म्हणा की!"

"साहेब, त्या कागदावर माझं नाव हाय का?"

"आहे की. पहिलंच आहे."

"ते खोडा."

"म्हणजे?"

"खोडा म्हनती. म्या ते पुस्तक बगितलंच न्हाई. पाठ केलं हुतं त्ये म्हनून दावलं. भिंतीवरला तक्ताबी पाठ. बाकीच्यांचं मला म्हाईत न्हाई. माझं म्या सांगती."

खराड्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, ते मागं घ्यायला त्यांना वेळच मिळाला नव्हता.

"बाई, नाटक करू नका. कुणी शिकवलं तुम्हाला हे? ह्या पोरीनं?" त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "समोर मी उभा आहे ते दिसतंय ना? कोण आहे मी?"

"खराडे साहेब हायसा. आवाजावर वळखलं."

"आवाजावर!" ते बाकीच्या बायकांकडं वळले. "काम करताना बरं सगळं दिसतं!"

"कामाला काय दिसाय लागतंय, साहेब? तळवा हाताला लागतो. ब्रश आपसूक फिरतो. सा वर्सं झाली."

तेव्हा डॉक्टर उठले. खांद्यावरची शाल घसरून खुर्चीत पडली. ते अंगणात उतरले, वैनीच्या समोर हातभर अंतरावर येऊन उभे राहिले. त्यांचा आवाज खोलीतल्यासारखा नव्हता.

"बाई," ते म्हणाले, "तुम्हाला किती दिसतं? खरं सांगा. मी लिहून घेणार नाही."

"का लिवून घेनार न्हाई?" वैनी म्हणाली. "लिवाच. नावासकट लिवा."

तिनं पदर खांद्यावर घेतला. मग तोंड माझ्या बाजूला वळवलं, मी जिथं बसले होते त्याच्या थोडं डावीकडं.

"कडंकडंनं दिसतंय, डाक्टर. ती शेड दिसती, झाड दिसतंय, लोकांचं पाय दिसत्यात. मधी बगाया गेलं की तितं कायबी नस्तं, धूर आस्तो. माझी ही नणंद चार वर्सं पुण्याला ऱ्हायली, परवा आली. बायका म्हनत्यात, वन्सं लई देखनी झाली. मीबी व्हय म्हनती. तीन दिस झालं, माझ्याच घरात जेवती, पुस्तक घेऊन माझ्या समूर बसली, पर मला अजून तिचं त्वांड दिसल्यालं न्हाई."